ऑइल बदललं, पाना विझेना

मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेसात, पण गोंदियाचं ऊन तेवढ्यातच अंगावर यायला लागलं होतं. शेजारच्या भाऊंनी कडुलिंबाच्या सावलीत गाडी लावली, खाली पोतं अंथरलं, जुनी परात सरकवली आणि दीड तासात इंजिन ऑइल बदलून टाकलं. नवा फिल्टर, ड्रेन नटाला नवा वायसर, सगळं रीतसर. फडक्याला हात पुसत त्यांनी ऐटीत चावी फिरवली, तर मीटरमध्ये पिवळा पाना जसाच्या तसा. "का बाप्पा! तेल नवं, फिल्टर नवा, अन् हा काहून चमकून राह्यला?" असं त्यांनी मलाच विचारलं, जणू तो मी लावून ठेवला होता.

तेल बदलल्याचं गाडीला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो चमकत होता. बहुतेक गाड्यांमध्ये तेलाचा काळेपणा किंवा पातळपणा तपासणारं काही नसतं. काही महागड्या गाड्यांत तेलाची प्रत मोजणारा सेन्सर असतो, पण आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत नाही. मीटरमागचा छोटा संगणक फक्त मोजणी करतो. शेवटच्या सर्व्हिसिंगपासून इतके किलोमीटर झाले, इतके महिने गेले, ठरलेला आकडा आला, की पाना लागला. तुम्ही खाली पडून काळं तेल काढलंत की पोतं अंथरून झोप काढलीत, त्याला सारखंच. मोजणी पुन्हा शून्यावर आणणं हे वेगळं काम आहे आणि ते माणसालाच करावं लागतं. गॅरेजवाला ते बिल फाडण्याआधी गुपचूप करून देतो, म्हणून असं काही काम असतं हेच आपल्या ध्यानात येत नाही.

पण त्याआधी दिव्यांची ओळख पटलेली बरी. मीटरमध्ये तेलाशी नातं सांगणारे दिवे दोन असतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. पिवळा पाना, किंवा 'सर्व्हिस' असा शब्द, ही आठवण. ती लागल्यावर तुम्ही गोंदियाहून देवरीला जाऊन परत आलात तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. दुसरा लाल, तेलाच्या झारीसारखा, टोकाला थेंब असलेला. इंजिनातला तेलाचा दाब पडल्याची ती हाक. चावी फिरवताना तो क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, ते ठीक. चालत्या गाडीत लागला तर कोहमाऱ्याचा चौक एक किलोमीटरवर असला तरी तिथवर जायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद. तेलाशिवाय बेअरिंग खरडायला मिनिटभरही पुरतं आणि मग खर्च तेलाच्या डब्याचा राहत नाही, इंजिन खोलण्याचा होतो. लाल झारी बटण दाबून घालवता येत नाही, ती घालवायला जाऊही नये. तिसरा एक इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. त्याचं खातं मुख्यतः धूर, सेन्सर आणि इंधन यांचं. तेलबदलीशी त्याचा सहसा संबंध नसतो, तरी लोक तो घालवायचं यंत्र विकत आणतात आणि पाना का जात नाही म्हणून हैराण होतात.

आता किलोमीटरच का मोजायचे, हा प्रश्न आमच्या भागात तरी विचारायलाच हवा. तेल झिजतं ते अंतराने नव्हे. उष्णतेने त्याचा हवेशी संयोग होऊन ते घट्ट व्हायला लागतं. तापमान दर दहा अंशांनी चढलं की अशा प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकळ नियम आहे. तेलात मिसळलेली औषधं, म्हणजे काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, धातूवर पातळ थर चढवणारी रसायनं, हळूहळू खर्ची पडतात. थंड इंजिनावर दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, तर पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन तेलातच राहतं, कारण ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. म्हणजे घर ते बाजार, बाजार ते शाळा एवढंच फिरणारी गाडी वर्षाकाठी कमी चालूनही तेल खराब करते, आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून रायपूरपर्यंत सरळ धावणारी गाडी जास्त चालूनही तेल राखते. साधं गणित करून बघा. तीन हजार किलोमीटर ताशी साठच्या सरासरीने गेले तर इंजिन पन्नास तास फिरलं. तेच अंतर गावातल्या गर्दीत, रेल्वे फाटकापाशी थांबत, ताशी वीसने काटलं तर दीडशे तास. मीटरला दोन्ही सारखेच.

हे कोडं जनरल मोटर्सच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हाती घेतलं. तेलाचा नमुना न घेताच त्याचं उरलेलं आयुष्य सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ त्या कामात होत्या. त्यांनी काढलेली वाट अशी: तेल साध्या परिस्थितीत इंजिनाचे किती फेरे सोसतं ते ठरवायचं आणि प्रत्येक फेरा त्यातून वजा करत जायचं. मात्र सगळे फेरे सारखे धरायचे नाहीत. तेल फार थंड किंवा फार गरम असताना झालेला एक फेरा दोन-चार फेऱ्यांसारखा मोजायचा. दशकाच्या अखेरीस ही पद्धत गाड्यांत आली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तिची आपापली रूपं काढली. पडद्यावर 'तेलाचं आयुष्य चाळीस टक्के' असं दिसतं ते हेच. ही हुशार मोजणीसुद्धा तेल बघत नाही, तिचा सगळा अंदाज इंजिनाच्या वागण्यावर आहे. म्हणून याच कंपनीची पुस्तिका सांगते, की टक्के उरलेले दिसले तरी वर्षातून एकदा तेल बदलाच.

गंमत अशी, की फेरे मोजायची ही युक्ती आमच्या बांध्यांमध्ये फार आधीपासून चिखल तुडवत होती. ट्रॅक्टरला कोण किलोमीटर विचारतो? रोवणीच्या आधी चिखलणी चालते तेव्हा लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर दिवसभर एका एकराच्या आत गोल फिरतो. अंतर काही नाही, पण इंजिन सकाळपासून राबत असतं. मळणीच्या वेळी तर चाक हलतही नाही. पट्टा थ्रेशरला आणि इंजिन जागेवर धडधडतंय. म्हणून ट्रॅक्टरला तासांचा मीटर. जुन्या ट्रॅक्टरांत हा मीटर इंजिनातूनच केबलने फिरतो आणि एका ठरावीक वेगालाच घड्याळाशी जुळतो. इंजिन त्याच्या निम्म्या वेगाने मंद चालवलं तर घड्याळाचे दोन तास होतात तेव्हा मीटरवर एक चढतो. शेतकऱ्यांना वाटतं मीटर खोटा आहे. तो खोटा नाही, तो तास म्हणून फेरेच मोजतोय. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत संगणकावर आलेलं निम्मं गणित इथे दातेरी चाकांवर आधीच चाललेलं होतं. तापमानाचा हिशेब तेवढा त्यात नव्हता.

आणि या मीटरला शून्यावर आणायची सोय नाही. तो चढतच जातो. मग तेल कधी बदललं ते लक्षात कसं ठेवायचं? मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने आकडा लिहिलेला असतो, किंवा टूलबॉक्सच्या झाकणावर खिळ्याने ओरखडलेला. त्यात आपल्या मॉडेलला सांगितलेले तास, बऱ्याच ट्रॅक्टरांना अडीचशे, मिळवले की पुढच्या तेलबदलीचा आकडा निघतो. पहिल्या पन्नास तासांनंतरची तेलबदली तेवढी वेगळी, कारण नव्या इंजिनाच्या घासणीतून निघालेले धातूचे कण त्या तेलात असतात.

गाडीतला पाना हाच मडगार्डवरचा आकडा आहे, फक्त तो कंपनीने आतल्या चिपमध्ये लिहिलाय आणि पुसायची रीत थोडी लपवून ठेवली आहे.

ही रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असली तरी तिची घराणी मोजकी आहेत. पहिलं एका बटणाचं. मीटरच्या काचेतून एक छोटी काडी बाहेर आलेली असते, ट्रिप शून्यावर आणायची. पडद्यावर ट्रिप 'ए' आणायची, चावी बंद करायची, ती काडी दाबून धरायची आणि दाबलेलीच ठेवून चावी पुन्हा चालू करायची, पण इंजिन सुरू न करता. काही सेकंदांत रेघा किंवा शून्यं दिसतात, पाना विझतो. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे असंच चालतं आणि पुष्कळ मोटरसायकलींची रीतही याच वळणाची असते. दुसरं घराणं स्टिअरिंगवरच्या बटणांचं. सेटिंग्जमध्ये शिरायचं, 'सर्व्हिस इंटरव्हल' शोधायचं आणि 'ओके' काही क्षण दाबून धरायचं. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत ही वाट आहे आणि तिथे किलोमीटर व महिने आपल्या हिशेबाने बदलताही येतात. नव्या गाड्यांत हीच वाट टचस्क्रीनवर गेली आहे.

तिसरं घराणं मला सगळ्यांत मजेशीर वाटतं. जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत चावी चालू करून, इंजिन बंद ठेवून, पाच सेकंदांच्या आत ॲक्सिलरेटर तीनदा तळापर्यंत दाबायचा. झालं काम. ही कंपनी पुण्याजवळ तळेगावला शेवरोले गाड्या बनवायची. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात विकणं थांबवलं. पण जुन्या शेवरोले अजून फिरतात. अशी एखादी तुमच्याकडे असेल आणि पेडल तीनदा दाबायला सांगणारा मिस्त्री भेटला, तर तो चेष्टा करतोय असं समजू नका. आधी पुस्तिकेत बघा.

या साऱ्या रीतींत दोन गोष्टी सारख्या आहेत आणि त्यांमागे कारण आहे. चावी चालू, इंजिन बंद, म्हणजे संगणक जागा असतो पण मोजण्यासारखं काही घडत नसतं. त्या वेळी आकडा बदलणं सोपं आणि बिनधोक. आणि बटण 'दाबून धरा' एवढ्यासाठी, की मागच्या सीटवरून झेपावणाऱ्या पोराच्या बोटाने तेलाचा हिशेब पुसला जाऊ नये. दिवा विझला नाही तर बहुतेक वेळा चूक एवढीच असते की बोट लवकर उचललं किंवा पडद्यावर ट्रिप 'ए'ऐवजी एकूण किलोमीटर होते.

बॅटरीची वायर काढली की पाना जातो, हा सल्ला मला आजवर किमान तिघांनी दिलाय. जात नाही. हा आकडा वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असतो, एकूण किलोमीटरसारखाच. वायर काढून तो पुसला जाता तर गाडी विकायच्या आदल्या रात्री गावोगाव बॅटऱ्या सुटल्या असत्या. वायर काढून गमावतो ते घड्याळाची वेळ आणि रेडिओची केंद्रं, आणि काही गाड्यांत काचांची शिकवलेली चढउतार.

काही गाड्यांत मात्र कुठलंही बटण चालत नाही. पाना कंपनीच्या स्कॅनरनेच विझतो, म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटात यंत्र जोडून. तेल मी माझ्या पैशाने आणलं, माझ्या हाताने टाकलं, आणि त्याची नोंद करायला दिवस मोडून नागपूरला जाऊन यायचं? ही तक्रार एकट्या गोंदियाची नाही. ट्रॅक्टर, मोबाइल, घरगुती यंत्रं, गाड्या यांच्या दुरुस्तीचा हक्क वापरणाऱ्याला असावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सेवा केंद्रं यांचा तपशील तिथे द्यायचा अशी कल्पना. माझ्या मते पाना विझवायची रीत त्या माहितीत सगळ्यात आधी यायला हवी, कारण तिला लागतं काय? छापील चार ओळी.

वॉरंटीत असलेल्या गाडीला मात्र हा स्वावलंबनाचा प्रयोग करू नये, असं मी भाऊंनाही सांगितलं असतं. त्यांची गाडी वॉरंटीबाहेर होती म्हणून सांगितलं नाही. वॉरंटीच्या अटींत वेळेवरच्या सर्व्हिसिंगचा पुरावा मागितलेला असतो आणि पडद्यावरचं शून्य हा पुरावा ठरत नाही. ते तेल न बदलताही आणता येतं. जुनी गाडी घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं. पाना विझलेला आहे म्हणून तेल नवं असेलच असं नाही. दांडी काढून बघा, शक्य तर बिल मागा, नाही तर घेतल्या दिवशीच तेल बदलून आपला हिशेब सुरू करा.

दांडी काढून बघा म्हटलं की लोक रंग बघतात. डिझेलचं तेल तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत कोळशासारखं होतं आणि माणूस घाबरतो. काळं होणं हे त्याच्या कामाचं लक्षण आहे. काजळी धरून तरंगत ठेवायची, भिंतींवर बसू द्यायची नाही, हे काम ते करतंय. बघायची असते ती पातळी, आणि पातळी वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हायचं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. ती जाळून साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गावातल्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि त्यातलं काही डिझेल तेलात उतरतं. तेल वाढतं आणि पातळ होतं. हुशार मोजणी असलेल्या अशा गाडीत पाना पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच लागला तर तो मूर्ख नाही, त्याला तुमच्या फेऱ्या माहीत आहेत. आणि या गाड्यांना कमी राख करणारं, पुस्तिकेत नाव दिलेलंच तेल लागतं. दुकानदाराने पुढे केलेला कुठलाही डबा चालत नाही. मोटरसायकलला गाडीचं तेल टाकण्याची चूकही अशीच. तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असं लिहिलेलं बघून घ्यावं, नाहीतर क्लच घसरतो.

तेवढ्यात डब्यावरच्या आकड्यांचंही सांगून टाकतो. २०-डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा थंड तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापलेलं तेल किती दाट राहतं ते. उन्हाळ्यात पंचेचाळिशी गाठणारं आणि थंडीत विदर्भातल्या गारठलेल्या गावांच्या यादीत हमखास असणारं गोंदिया म्हणजे या दोन्ही आकड्यांची परीक्षा. तरी 'आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून दाट तेल टाका' हा सल्ला पुस्तिका विचारल्याशिवाय ऐकू नये. नव्या इंजिनांच्या फटी बारीक असतात आणि पातळ तेलच तिथवर वेळेत पोचतं.

पाना शून्यावर कधी आणायचा यालाही एक क्रम आहे. तेल भरल्यावर लगेच नाही. इंजिन मिनिटभर चालवायचं, लाल झारी विझली ना ते बघायचं, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, सपाट जागेवर दांडी काढायची. नवा फिल्टर तेल पितो, म्हणून पातळी थोडी उतरलेली असते, ती भरायची. ड्रेन नट आणि फिल्टरखाली बोट फिरवून ओल आहे का ते पाहायचं. मग बटण. आधीच शून्य करून टाकलं आणि मध्ये कुणी चहाला बोलावलं, तर अर्धं काम झालेल्या गाडीची नोंद पूर्ण झालेली असते.

त्या दिवशी भाऊंच्या परातीत चार लिटरभर काळं तेल उरलं. "कुंपणाच्या खुंटांना लावतो, वाळवी नाही लागत," ते म्हणाले. हा उपयोग आमच्याकडे सर्रास आहे. सेंट्रिंगच्या प्लेटांनाही तेच फासतात, बैलबंडीच्या आसालाही. पण उरलेलं नालीत जातं आणि नाली जाते बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. हा मालगुजारी तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या तळ्यांवर इथली भातशेती उभी राहिली. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्याच पाण्यात ढिवर समाजाचे लोक मासे धरतात, शिंगाडा लावतात. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, आणि तेलात इंजिनातून झिजलेले धातूही असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल याच कारणाने मोडतं. २०२३ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर ते परत शुद्ध करून घेण्याची जबाबदारी टाकली गेली. एकट्या माणसाने करायचं ते इतकंच, की नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुनं भरून, झाकण लावून, जमा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यायचं. गॅरेजवाल्याला ते विकता येतं, त्यामुळे तो नाही म्हणत नाही.

भाऊंनी खुंटांपुरतं वाटीभर काढून घेतलं आणि बाकीचं डब्यात भरलं. मी पुस्तिका उघडून बसलो होतो. रीत निघाली ती पहिल्या घराण्यातली. पहिल्या वेळी त्यांनी बोट लवकर उचललं. दुसऱ्या वेळी मोठ्याने दहा मोजले आणि पाना गेला. मग ते घरात गेले, सुनेचं काळं स्केचपेन घेऊन आले, आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर, त्यांच्या बाबांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर असायचा तसाच, मोठ्या अक्षरांत तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला. "पाना विझला ना?" मी विचारलं.

"विझला," ते म्हणाले, "पण लिहून ठेवलेलं बरं."